एकट्याची वकिली आहे, माझ्या माघारी फायलींचं काय?

तालुका_वकील

मंडळी नमस्कार. वय 61, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात 34 वर्षं वकिली. बहुतेक दिवाणीच, वाटप, बांधाचे वाद, दरखास्ती (निकालाची अंमलबजावणी), मधूनच 138 च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या केसेस. ऑफिसात मी आणि एक क्लार्क. दोन ज्युनिअर होते ते केव्हाच स्वतःचं टेबल टाकून बसले, आणि मुलगा हिंजवडीला आयटीत, त्याला वकिलीचं काही पडलेलं नाही आणि मी पण कधी आग्रह केला नाही.

तर झालं असं की दिवाळीनंतर अचानक छातीत दुखायला लागलं, अँजिओप्लास्टी झाली, 11 दिवस दवाखान्यात आणि मग तीन आठवडे घरी. मी आयसीयूत असताना क्लार्कचा बायकोला फोन, "वहिनी, साहेबांनी डायरीत उद्याच्या पानावर काय लिहिलंय ते लागत नाही". त्या पानावर लिहिलेलं होतं "शिं/शिं आ. जु.पा." म्हणजे शिंदे विरुद्ध शिंदे, आर्ग्युमेंट, जुनी पावती घेऊन जाणे. आता हे मला सोडून कुणाला कळणार! बारमधल्या (वकील संघटनेतल्या) मित्रांनी हजर राहून तारखा मागून घेतल्या, त्यांचे उपकार आहेतच, पण एका दाव्यात कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) द्यायचे 90 दिवस नेमके त्याच आठवड्यात संपत होते आणि ते डायरीत नव्हतं, माझ्या डोक्यात होतं. 'नो डब्ल्यूएस', म्हणजे कैफियतीविना पुढे चालवा, अशी ऑर्डर झाली. नंतर डिस्चार्ज कार्ड लावून अर्ज दिला, कॉस्ट (कोर्टाने लावलेला खर्च) भरली, ऑर्डर रद्द झाली, पक्षकार पण भला माणूस, काही बोलला नाही. पण मी जिवंत होतो म्हणून अर्ज देता आला ना.

घरी पडल्या पडल्या तेच डोक्यात फिरत होतं. कपाटात लोकांची मूळ खरेदीखतं आहेत, काहींची मृत्युपत्रं आहेत, कोर्ट फीसाठी दिलेले पैसे नावं टाकलेल्या पाकिटात आहेत, आणि चावी कुठे असते ते फक्त मला आणि गणपतीच्या फोटोला माहीत (चावी फोटोच्या मागे असते). उद्या मी गेलो तर बायकोने काय करायचं? सगळी प्रॅक्टिस एखाद्या तरुण वकिलाला देऊन टाकता येते का, तिला त्यातून महिन्याला काही मिळेल अशी सोय होते का, आणि लिहून ठेवायचं तर नेमकं काय? डॉक्टर लोक दवाखाना विकतात, आपल्याकडे तसं काही असतं का? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी सांगा.

मुक्ता_कोथरूड

काका, मी वकील नाही, पण माझे बाबा होते, असेच एकटे, मराठवाड्यात. 2019 मधे गेले, झोपेतच. तुमचं वाचून सगळं परत आठवलं.

पहिल्या तीन दिवसांत फक्त भेटायला येणारे लोक होते. चौथ्या दिवसापासून "ताई, आमची फाईल" सुरू झालं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, एकाची पुढच्या सोमवारी तारीख होती, त्याने काय तेरावं होईपर्यंत थांबायचं का? पण आम्हाला काहीच माहीत नाही. फायली बाबांनी गावांप्रमाणे लावल्या होत्या, नावांप्रमाणे नाही, आणि त्यातही त्यांच्या डोक्यातली गावं, म्हणजे माणूस आता संभाजीनगरला राहतो पण त्याची फाईल आजोळच्या गावाच्या गठ्ठ्यात. भाऊ घाईघाईत फायली देत सुटला, सही नाही पावती नाही, आणि एक माणूस आपल्या चुलतभावाची फाईल घेऊन गेला. आडनाव एक, गाव एक, भांडण पण त्या दोघांचंच एकमेकांशी! ती परत मिळवायला दीड महिना आणि सरपंचांची मध्यस्थी लागली.

शेवटी बाबांच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी सांगितलं की ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. बसले. बाबांचं नाव पाच वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकलेलं होतं, कुठे आडनाव आधी, कुठे नुसती अद्याक्षरं. दोन रात्री बसून यादी केली, केस नंबर, पक्षकार, पुढची तारीख, आणि प्रिंट काढून दारावर लावली तेव्हा कुठे गर्दी ओसरली.

म्हणून तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. केसची यादी कुणीतरी नंतरही काढू शकतं, पण कपाटात *कुणाचे कोणते मूळ कागद आहेत* ही यादी जगात कुठेच नसते, ती तुम्हीच करा. आणि मोबाईलचं सिम बंद करू नका असं घरी सांगून ठेवा. आम्ही महिन्याभरात बंद केलं, आणि कोर्टाचे मेसेज, ओटीपी, पक्षकारांचे फोन सगळं त्याच नंबरवर यायचं. हे नंतर कळलं.

निशाणी_५

वकीलसाहेब, आधी तब्येतीची काळजी घ्या. आता मुद्द्याचं, मी नगर बाजूला 22 वर्षं दिवाणीच करतो.

गंमत बघा, पक्षकार वारला तर त्याच्या वकिलाने कोर्टाला कळवायचं हे सीपीसीत (दिवाणी प्रक्रिया संहितेत) ऑर्डर 22 रूल 10-ए मधे लिहिलेलं आहे. वकील वारला तर काय? ऑर्डर 3 रूल 4 मधे एवढंच की वकिलाच्या मृत्यूने वकीलपत्र (पक्षकाराने वकील नेमल्याचा कागद) संपतं. बस. पुढे त्या पक्षकाराने आपलं बघायचं. बहुतेक जज समजून घेतात, पक्षकाराला नोटीस काढतात, पण ती जाते दाव्यातल्या पत्त्यावर, आणि दावा 2008 चा असेल तर तो माणूस आता त्या घरात राहतो का हे देवाला माहीत. मग कुणी येत नाही, दावा काढून टाकला जातो किंवा एकतर्फा चालतो, आणि परत उघडायला 30 दिवस. ते गेले की लिमिटेशनचं (मुदतीच्या कायद्याचं) कलम 5, विलंब माफी, त्याच्या वेगळ्या तारखा. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको असं सुप्रीम कोर्टाने 1981 लाच रफीक विरुद्ध मुन्शीलालमधे म्हणून ठेवलंय, इथे तर चूकही कुणाची नाही, त्यामुळे न्याय मिळतो हो, पण वर्ष जातं.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे इथून पुढे प्रत्येक वकीलपत्रावर दोन नावं. तुमचं आणि अजून एकाचं, ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे. एक गेला तरी दुसऱ्याचं वकीलपत्र जिवंत राहतं. पक्षकाराला सही घेतानाच सांगायचं की मी नसलो तर हे बघतील, म्हणजे त्याची संमतीही झाली. चालू केसेसमधे नवीन संयुक्त वकीलपत्र दाखल करा, पुढच्या दोनचार महिन्यांत तारखेला पक्षकार येईल तसतशी सही घ्यायची, एकदम सगळ्यांना बोलावलं तर गावभर होईल की साहेब आता जातात.

अडचण एकच आणि ती तालुक्यात मोठी आहे. बारमधे तीस-चाळीस वकील, सगळे एकमेकांविरुद्ध कुठल्या ना कुठल्या केसमधे. ज्याचं नाव टाकाल तो चार दाव्यांत तुमच्या समोर उभा असणार. तिथे दुसरं नाव शोधावं लागतं, हवं तर शेजारच्या तालुक्यातलं. मी स्वतः दोन वेगवेगळे लोक ठेवलेत, आणि ते मला. फुकट व्यवहार आहे, एकमेकांच्या फायली फक्त अडचणीतच उघडायच्या असं ठरलेलं.

विकण्याबद्दल, आपल्याकडे विकायला असतं काय? पक्षकार आपली मालमत्ता नाही, तो त्याच दिवशी दुसऱ्याकडे जाऊ शकतो. आणि फायलीही आपल्या नाहीत. फी थकली म्हणून फाईल अडवता येत नाही हे आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, 2000, मधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, आणि जे आपल्याला अडवता येत नाही ते आपल्या वारसांना कुठून येणार. मृत्युपत्रात लोक लिहितात "माझी वकिली व सर्व फायली चिरंजीव अमुक यांस". त्यातलं ऑफिस, पुस्तकं, खुर्च्या, इन्व्हर्टर एवढंच चिरंजिवांना मिळतं.

आणि वहिनींना 'महिन्याला काही' हे तर जपून. वकील नसलेल्या माणसाबरोबर फी वाटून घ्यायला बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमात मनाई आहे. पुढच्या वकिलाने दर केसमागे टक्का द्यायचा असं कुठेही ठरवू नका, लिहून तर मुळीच नका. तुम्ही केलेल्या कामाची राहिलेली फी मात्र त्यांचीच, ती वसूल करायला तीन वर्षं आहेत. फक्त कुणाकडे किती राहिली हे कागदावर पाहिजे, नाहीतर आपल्या माघारी प्रत्येकजण "साहेबांना सगळे दिले होते" म्हणतो.

नवी_सनद

थोडं कडू बोलतो, राग मानू नका सर. ज्युनिअर नाही, थांबत नाहीत, असं प्रत्येक सीनियर म्हणतो. मी तीन वर्षं एका ठिकाणी काढली, महिन्याला पेट्रोलपुरते पैसे, तेही दिवाळीला एकदम. पक्षकार समोर असेल तर मला बाहेर बसवायचे, केबिनचं दार बंद. वीस वर्षांच्या फायली मी उचलल्या पण एकाही पक्षकाराला माझं नाव माहीत नव्हतं. असा ज्युनिअर उद्या साहेब गेल्यावर काय सांभाळणार? पक्षकार त्याला ओळखतच नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 ला सर्क्युलर काढलं, ज्युनिअरला शहरात निदान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत म्हणून. शिफारसच आहे, सक्ती नाही, आणि तालुक्यात 15,000 सगळ्यांना झेपणार नाहीत हे मला पण कळतं. पण निम्मे द्या आणि पाच दाव्यांत त्याला स्वतः उलटतपास घेऊ द्या. तो थांबेल.

तालुका_वकील

@नवी_सनद, राग नाही. दार बंद करायची सवय मला पण होती.

@मुक्ता_कोथरूड, बेटा, चुलतभावाच्या फाईलचं वाचून हसू आलं आणि मग अंगावर काटा आला, माझ्याकडे एकाच गावचे सात जाधव आहेत.

निशाणीसाहेब, दोन नावांचं पटलं. पण समजा मी वारलोच नाही, नुसता अर्धांगाने पडून राहिलो, बोलता येत नाही, तर? बायकोच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवू का?

निशाणी_५

खरं तर तीच अवस्था जास्त वाईट. गेल्यावर निदान वकीलपत्र आपोआप संपतं. पडून राहिलात तर ते चालूच आणि तुमचं नाव रेकॉर्डवर, मग दुसऱ्या वकिलाला हजर व्हायचं तर तुमची संमती लागते, नाहीतर कोर्टाला कारण सांगून परवानगी घ्यायची. परवानगी मिळते, पण प्रत्येक केसमधे वेगळा अर्ज. दोन नावं असली की हा प्रश्नच येत नाही.

मुखत्यारपत्राचा उपयोग बँक, वीजबिल, ऑफिसचं भाडं एवढ्यापुरता. वहिनी तुमच्यातर्फे वकिली करू शकत नाहीत. शिवाय तुमचं भान गेलं की साधं मुखत्यारपत्र टिकत नाही आणि मृत्यूबरोबर तर संपतंच. बँकेत जॉइंट खातं ठेवा, पण पक्षकारांच्या पैशांचं खातं वेगळं आणि ती पाकिटं आजच रिकामी करा. पक्षकाराच्या पैशाचा हिशोब ठेवणं हे तसंही आपल्यावर बंधनकारक आहे. पाकिटातले पैसे उद्या कुणी घरखर्चाला वापरले तर त्या माऊलीचा काय दोष, तिला वाटणार साहेबांचेच आहेत.

टँपा_चा_पाटील

मी वकील नाही, फ्लोरिडात असतो, पण बायको इथे वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे, तिने वाचून सांगितलेलं लिहितो. इथल्या बारचा नियमच आहे की प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाने आधीच दुसऱ्या एका वकिलाचं नाव देऊन ठेवायचं. हा वारला किंवा गायब झाला तर तो दुसरा येऊन फायलींची मोजदाद करतो, पक्षकारांना कळवतो, कागद परत करतो. त्याने केसेस घ्यायच्याच असं नाही, फक्त मोजदाद आणि निरोप. भारतात पण बारने असं एक पान भरून घ्यायला काय हरकत आहे?

निशाणी_५

पाटील, हरकत काहीच नाही, पण आपल्याकडे अशी सक्ती नाही. आमच्या तालुका बारमधे मी हा विषय काढला तर एक ज्येष्ठ म्हणाले "अभद्र बोलू नका". असो. सेक्रेटरीकडे बंद पाकिटात दोन नावं द्यायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, मी दिलंय.

मुक्ता_कोथरूड

एक राहिलं. बाबांच्या फायली चाळताना मी बऱ्याच गोष्टी वाचल्या, घटस्फोटाच्या, एका ओळखीच्या बाईंच्या. वाचायला नको होत्या असं आजही वाटतं. म्हणून काका, घरच्यांना फायली उघडाव्याच लागू नयेत असं काहीतरी करा, वर नाव-नंबर लिहिलेला कागद चिकटवला तरी पुरे.

निशाणी_५

बरोबर. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुपित काम संपल्यावरही गुपितच राहतं, पूर्वी एव्हिडन्स ॲक्टच्या 126 मधे होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 132 मधे. क्लार्कलाही ते लागू आहे, हे एकदा त्याला समोर बसवून सांगा.

तालुका_वकील

मंडळी, महिन्याने परत लिहितोय. काय काय झालं ते सांगतो.

डायरी आता क्लार्क लिहितो, मी सांगतो आणि तो पूर्ण शब्दांत लिहितो, शिंदेला शिंदेच. मुदतींचं वेगळं पान केलं, कैफियत, अपील, पक्षकार वारल्यावर वारस लावायचे 90 दिवस, 138 च्या नोटिशीचे 30, सगळं तारखेनिशी, लाल पेनाने. मुलाने गूगल शीट करून दिली, त्यात केस नंबर, सीएनआर (ई-कोर्ट्सवरचा केसचा क्रमांक), पक्षकाराचा मोबाईल आणि त्याच्या एका नातेवाइकाचा मोबाईल. हायकोर्टात गेलेली चार अपिलं आहेत, आता 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झाल्यापासून तिथे कोण उभं राहतं तेही लिहिलं, कारण पक्षकारांना अजून मुंबईच्याच वकिलांचं नाव पाठ आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका बाईंचं नाव वकीलपत्रांवर घालतोय, आतापर्यंत 40 झाली. पाकिटं रिकामी केली, एकूण 31,400 निघाले, त्यातले 2,000 कुणाचे ते काही केल्या आठवेना.

आणि दोन रविवार बसून कपाट उपसलं. 23 मूळ खरेदीखतं निघाली, 16 जणांना बोलावून पावती घेऊन परत दिली. मृत्युपत्रं नऊ. जे हयात आहेत त्यांना सांगितलं की घेऊन जा, नाहीतर बंद पाकिटात जिल्ह्याच्या रजिस्ट्रारकडे ठेवायची सोय नोंदणी कायद्यातच आहे, ती करा, माझ्याकडे नको.

त्यातलं एक 2003 चं. तो माणूस 2011 ला गेला. मला कळलंच नव्हतं, शेवटची चार वर्षं ते थोरल्याकडे ठाण्याला होते. सातबारा काढून बघितला, चारही मुलांची वारस नोंद झालेली. मृत्युपत्रात गावातलं घर आणि विहिरीकडचा तुकडा एकट्या धाकट्या मुलीला, तिने आईचं शेवटपर्यंत केलं म्हणून. व्यवस्थापक (मृत्युपत्र अमलात आणणारा) म्हणून खाली माझंच नाव. चौदा वर्षं ते माझ्या कपाटात पडून आहे. काय करू? सरळ विचारतो.

निशाणी_५

साहेब, लपवू नका एवढंच आधी सांगतो. चौघांनाही एकाच दिवशी लेखी कळवा, प्रत्येकाला झेरॉक्स, मूळ तुमच्याजवळच ठेवा, कुणा एकाच्या हातात देऊ नका. आधी फक्त धाकटीला सांगितलं तर थोरला म्हणणार वकील फितूर. आणि यातून पुढे दावा झाला तर तुम्ही कुणाचंच वकीलपत्र घ्यायचं नाही, तुम्ही त्यात साक्षीदार होणार आहात. घर विकलंय का?

तालुका_वकील

नाही, तेवढं नशीब. कुलूप आहे.

चारही पत्रं काल टाकली. पत्र पोचायच्या आतच संध्याकाळी धाकटीचा फोन, पोस्टमन तिच्या नात्यातला निघाला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, "अण्णा म्हणायचे वकिलांकडे एक कागद ठेवलाय, आम्हाला वाटलं जुना सातबारा असेल, म्हणून कुणी आलो नाही." बुधवारी चौघांनाही ऑफिसला बोलावलंय. निशाणीसाहेब, शक्य असेल तर तुम्हीही या, भाड्याचं मी बघतो.